सलंगीवरची ताटी

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, एका सकाळी, बोरहेटीच्या तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, फुटली. पाणी खालच्या टोलीत, तिथल्या लहानशा वस्तीत, गेलं. टोलीतली माणसं गेली, जनावरं गेली, धान गेला. भानारकर सरांचे थोरले भाऊ हरबाजी त्या वेळी तलावातलं जास्तीचं पाणी जिथून निघतं त्या सलंगीवर होते. तेही गेले. शाळा पुन्हा उघडली त्या दिवशी सर वर्गावर आले आणि त्यांनी हजेरी घेतली. जी मुलं आता नव्हती त्यांचीही नावं त्यांनी घेतली, कारण ती पटावर होती.

सावली तालुक्यातल्या त्या शाळेत मी मराठी शिकवत असे आणि ते भूगोल. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती, पार फुटायच्या काही वर्षं आधीची. मी वरोऱ्याकडून नवा आलेलो. जेवणाच्या सुट्टीत कोणाशी बोलावं ते कळत नसे, म्हणून पुस्तक उघडून बसायचो. पहिल्याच आठवड्यात ते समोर येऊन बसले, माझा डावा हात त्यांनी ओढून घेतला, तळवा वर केला आणि बॉलपेननं त्यावर रेघ ओढली.

"ही वैनगंगा. तुमी इकडून आले, म्हणजे ही वर्धा." दुसरी रेघ. "इथी दोघी भेटतात. मंग तिले प्राणहिता म्हणतात. आपली शाळा इथी." अंगठ्याच्या बुडाशी त्यांनी एक ठिपका दिला. "आता हरवाल नाई."

ही त्यांची जुनी खोड होती. नकाशा भिंतीवर टांगलेला असायचा, पण ते शिकवायचे तळहातावर. मुलांच्या तळव्यावर ते स्वतः रेघा काढत. मुलींना मात्र म्हणत, "आपापल्या हातावर काढा, मी सांगतो." परीक्षेच्या दिवशी सगळ्या वर्गाचे हात तपासल्याशिवाय पेपर वाटता येत नसत. हेडमास्तर त्यावरून चिडत. सर म्हणत, "हात धुतल्यावरही ज्याले आठवते, त्याले पास करा."

ते मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले होते. त्यांच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेले तेच पहिले. अंगानं वाळके, रंगानं काळे, आवाज बारीक. डब्यात बहुतेक दिवस मासा असायचा. एकदा गणिताचे सर नाक दाबून म्हणाले, "काय भानारकर, आज अख्खा तलाव डब्यात भरून आणला काय?"

"तलाव नाई जी. मुंडकं आणलं," सर शांतपणे म्हणाले. "इथी स्टाफरूममधी मुंडक्याची कमी हाय म्हणून."

सगळे हसले. गणिताचे सरही हसले, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. त्यावर रस्सा घेऊन त्यांनी तो खाल्लाही.

सरांना एक वाक्य खपत नसे: 'असंच असते.' पावसाळ्यात मलेरिया होतो, असंच असते. नागभीडची गाडी उशिरा येते, असंच असते. बोलणारा कोणी असो, सर थांबत आणि विचारत, "असंच कसं?" त्यांना भांडायचं नसे, खरंच जाणून घ्यायचं असे. चहावाला, तलाठी, शाळेचा शिपाई, सगळ्यांना हा प्रश्न एकदा तरी आलेला. शिपाई तर त्यांना येताना पाहून म्हणायचा, "आले असंच-कसं सर, घंटी काऊन उशिरा दिली त्याचं कारण शोधून ठेवा बाप्पा."

त्याच काळात मराठवाड्यात भूकंप झाला. लोक गणपती बुडवून आले होते, झोपले होते आणि पहाटे घरं त्यांच्यावर आली. आमच्याकडे रेडिओवर बातम्या ऐकत माणसं चौकात उभी राहायची. आपल्या भागातला तो भूकंप नव्हता, तरी प्रत्येकाला त्याचं कारण माहीत होतं. कोणी म्हणे तिकडे मूर्ती चोरीला गेली, कोणी म्हणे धरणाचं पाणी जमिनीत शिरलं.

मी शेजारच्या वर्गात होतो. मधली भिंत अर्धी होती, त्यामुळे ऐकू येई. रेखा नावाची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, माई आजी म्हणते, शेष थकला. म्हणून त्यानं पृथ्वी या फण्यावरून त्या फण्यावर घेतली."

वर्ग हसला.

"हासू नोका," सर म्हणाले. "आजीनं कारण शोधलं. तुमी तं तेही नाई शोधलं. बरं रेखा, शेष थकला कायनं?"

"पाप वाढलं म्हणते."

"कोणाचं?"

"माणसाइचं."

"तिथी पाळण्यातले लेकरं मेले. त्याइचं पाप कोणतं?"

सरांनी उत्तरासाठी रेटलं नाही. "घरी जा, आजीले विचार. काय म्हणते ते उद्या सांग मले."

दुसऱ्या दिवशी रेखानं निरोप आणला. "आजी म्हणते, तुह्या मास्तराले सांग, मले रातभर झोप नाई लागली."

सर म्हणाले, "आजीले सांग, माईही तीच गत हाय." आणि त्यांनी दोन पाट्या मागवल्या. एकीला दुसरीवर दाबून धरून, जोर वाढवत वाढवत, एकदम सुटू दिलं. पाट्या सरकल्याचा आवाज माझ्या वर्गापर्यंत आला.

त्यांच्याबरोबर मी रविवारी बोरहेटीला जाऊ लागलो. तिथे हरबाजींचं घर होतं. हरबाजी म्हणजे सरांच्या अगदी उलट. रुंद छाती, मोठं हसणं, पायात चप्पल नाही. बाप लवकर गेला तेव्हा त्यांनी शाळा सोडून जाळं घेतलं आणि धाकट्याला शाळेत ठेवलं. गावच्या मच्छीमार सोसायटीचे ते अध्यक्ष होते. धाकट्या भावाला ते चारचौघांत 'मास्तर' म्हणत आणि घरात 'बाबू'.

त्यांची बायको पारबताबाई. ती चुलीपुढे बसून दिराची खेचायची.

"भाऊजी, तुमच्या त्या पुस्तकात मासा कसा धराचा ते लिवलं हाय काय?"

"नाई वयनी."

"मंग एवढं जाड कायले?"

हरबाजी हसून हसून खोकत. सर ताटात बघत हसत. त्या घरात ते कोणालाही 'असंच कसं' विचारत नसत. तिथे ते फक्त जेवत.

बोरहेटीचा तलाव जुना होता, झाडीपट्टीत असतात तसा. खालच्या बाजूनं मातीची लांब पार, पारेखाली धानाच्या बांध्या आणि त्यांच्याही खाली ती टोली. तलाव भरला की जास्तीचं पाणी एका बाजूच्या दगडी उतारावरून निघून जाई. ती सलंग. तलावाचा जीव सलंगीत असतो, असं हरबाजी म्हणत. ती मोकळी असली की पारेवर जोर येत नाही.

पण सलंग मोकळी ठेवणं कोणाच्याच सोयीचं नसे. सोसायटी तलावात माशाचं बीज सोडायची. पावसाळ्यात पाणी सलंगीवरून जाऊ लागलं की त्याबरोबर मासेही जात. म्हणून ढिवर लोक तिथे बांबूची ताटी बांधत. पाणी जावं, मासा राहावा. आणि पाऊस लांबला की शेतकरी त्याच सलंगीवर वाळूची पोती रचत, म्हणजे तलावात हातभर पाणी जास्त राहील आणि रोवणा, म्हणजे धानाची लावणी, साधेल. दोघांना एकमेकांचं माहीत होतं. जास्त पाण्यात मासाही जास्त वाढतो, त्यामुळे पोत्यांवरून ढिवर बोलत नसत. ताटीवरून शेतकरी बोलत नसत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

पारेवर एक शेंदूर लावलेला दगड होता. त्याला सगळे 'माय' म्हणत. तलावात नवं पाणी आलं की एका ठरल्या दिवशी शेतकऱ्यांनी पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पहिली मूठ आणि ढिवरांनी पहिला मासा मायपुढे ठेवायचा, दोघांनी मिळून. पार फुटली त्या वर्षी तो दिवस झालाच नाही. पाऊस लांबलेला. शेतकऱ्यांनी नेहमीपेक्षा एक थर जास्त रचला. पोत्यांचा भार ताटीवर येतो म्हणून ढिवरांनी तक्रार केली. बोलाचाली झाली आणि मानाच्या दिवशी कोणीच पारेवर गेलं नाही.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही गेलो तेव्हा हरबाजी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ताटी आवळत होते. त्यांचा तरणा मुलगा मारोती काठावरून दोर देत होता. सर पारेवर थांबले.

"दादा, मधात थोडी फट ठेव. कचरा अडला तं पाणी जाईन कुठी?"

"फट ठेवली का मासा जाते, बाबू. आमी बीज टाकलं ते वैनगंगेले वाटाले काय?"

"त्यात हे पोते. सलंग उरली किती?"

"पोत्याचं त्याइले विचार. ताटीचं मी पायतो ना. पाणी चढलं का सोडतो. माया हातची गाठ हाय, मले नाई सुटन काय?"

सर थोडा वेळ ताटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

पोळ्याआधी झड लागली. दिवस-रात्र एकसारखा पाऊस. वरच्या जंगलातून पाण्याबरोबर पळसाची पानं, काटक्या, बेशरमाची उपटलेली झुडपं आली आणि ताटीला जाऊन चिकटली. ताटीची भिंत झाली. पहाटे पाणी पारेच्या कडेला लागलेलं पाहून हरबाजी कोयता घेऊन धावले. मारोती मागे होता, म्हणून पुढचं कळलं. दोर भिजून फुगले होते, गाठ सुटेना. त्यांनी दोर तोडायला घेतला. एका बाजूचा तुटला तेव्हा ताटी त्या सगळ्या कचऱ्यासकट उलटली आणि त्यांना घेऊन गेली. पण त्याआधीच पलीकडे पार उघडली होती.

रस्ता बंद होता. सर आणि मी दुसऱ्या दिवशी चिखलातून पोचलो. हरबाजी एका बांधीत सापडले होते. पारबताबाई त्यांच्या पायाशी बसून पायाला लागलेला गाळ बोटानं काढत होती. सर तिच्या शेजारी बसले आणि दुसऱ्या पायाचा काढू लागले.

त्यानंतरच्या दिवसांत गावानं कारणं शोधली. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे तो कारणाशिवाय उठू शकत नाही. कोणी म्हणालं, टोलीतल्या एकानं पारेवरचं मोहाचं झाड तोडलं होतं. कोणी म्हणालं, आदल्या अमावास्येला पारेवर बाई रडताना ऐकली. पण हळूहळू सगळे एका गोष्टीवर आले: मायचा मान द्यायचा राहिला होता. साहेब लोक जीपमधून आले, पंचनामा झाला, त्यात 'अतिवृष्टी' लिहिलं गेलं. गावाचा शब्द आणि सरकारचा शब्द वेगळे होते, तरी दोघांचा अर्थ एकच निघत होता. यात कोणाचा हात नाही.

तेराव्यानंतर गावच्या प्राथमिक शाळेच्या पडवीत बैठक बसली. सरांनी मला सोबत यायला सांगितलं. पाटीलभाऊ म्हणून एक वयस्क शेतकरी होते, त्यांचा नातू आदल्या दिवशी टोलीतल्या गड्याच्या घरी खेळायला गेलेला आणि झडीमुळे तिथेच राहिलेला, तोही वाचला नव्हता. तेच बोलले.

"मायचा मान आपण दोघाइनंही चुकवला. ढिवरानंही चुकवला, आमीही चुकवला. आता दोघं मिळून मायले मनवू. आन् या गोष्टीवर पुन्हा कोणी बोलाचं नाई. न पोत्यावर, न ताटीवर. गेले ते गेले. राहाचं तं आपल्याले एकाच गावात हाय."

लोकांनी माना डोलावल्या. रडत असलेली माणसं थोडी सैल झाली. मलाही वाटलं की हे शहाणपणाचं आहे. पारबताबाई बायकांत बसली होती, तिनं पदरानं डोळे पुसले.

सर उभे राहिले.

"पाटीलभाऊ, मी बोलू काय?"

"बोला मास्तर."

"पार मायनं नाई फोडली. ताटीत कचरा अडला, पाण्याले वाट नाई राहिली, म्हणून फुटली. ताटी माया भावानं बांधली होती." त्यांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला होता. "आन् खाली पोत्याचा एक थर जास्त होता. तो नसता तं पाणी ताटीच्या वरून तरी गेलं असतं. मले हे दिसत होतं. मी दादाले एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा नाई म्हटलं."

पारबताबाई उठली.

"भाऊजी, मेलेल्याले बोलता येत नाई म्हणून तुमी बोलून राह्यले काय?"

"वयनी—"

"ज्यानं जाळं ओढून ओढून तुमाले शिकवलं, त्याच्यावर गाव बुडवल्याचं नाव टाकता? मायनं घेतलं होतं ना आपल्या अंगावर? घेऊ द्याचं होतं!"

"मारोतीसाठी बोलून राह्यलो, वयनी," सर म्हणाले. "मायनं केलं म्हटलं तं पुढच्या साली तीच ताटी हा बांधन. मंग ह्यालेही..."

मारोती खाली बघत होता. पारबताबाईनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला घेऊन ती पडवीतून उतरली.

सरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गावानं त्यातली एक ठेवली. दुसऱ्याच दिवशी चहाच्या टपरीवर ऐकू आलं, "ढिवराचा सिकेल माणूस सोता म्हणून राह्यला, ताटीनं तलाव फुटला म्हणून." पोत्यांचं कोणी काढलं तर उत्तर तयार होतं, पोती तर आमच्या आज्यापासून ठेवतो. ताटीही आज्यापासूनच बांधत होते, हे सर दोन-चार जणांना सांगत फिरले. लोक ऐकून घेत आणि सायकलवर बसून निघून जात. पाटीलभाऊंनी मात्र एकदा त्यांना बाजारात थांबवून म्हटलं, "मास्तर, तुमी खरं बोलले असाल. पण माया नातू माया पोत्यानं मेला, हे घेऊन मी किती दिवस जगू? सांगा." सर पाटीलभाऊंचा हात धरून बाजाराच्या मधोमध उभे राहिले, इतकंच मी पाहिलं.

पार पुन्हा बांधली गेली, पण कित्येक हंगाम गावानं सोसायटीला तलावावर उतरू दिलं नाही. ढिवरांची पोरं मिरची तोडायला आंध्राकडे जाऊ लागली. मारोतीही गेला. त्याचाही दोष सरांवर आला. मयतीत, लग्नात समाजाचे लोक त्यांना टाळू लागले. पारबताबाईच्या दारात ते गेले की ती आत जाई, आणि शेजारणीला मोठ्यानं सांगे, "त्याइले म्हणा, इथी त्याइचा भाऊ राहत नाई आता." सर अंगणात थोडा वेळ थांबत, मग परत फिरत. तरी दर दिवाळीला जात. मी विचारलं, कशाला जाता? म्हणाले, "तिनं नाई म्हणावं म्हणून तरी गेलं पायजे. मी नाई गेलो तं 'नाई' कोणाले म्हणन ती?"

शाळेत ते पूर्वीसारखेच शिकवत राहिले असं मुलांना वाटे. मला फरक दिसे. नैसर्गिक आपत्तींचा धडा आला की ते मुलांना मनातल्या मनात वाचायला सांगत आणि स्वतः खिडकीत उभे राहत. एकदा एका मुलानं त्या धड्यावर विचारलं, "सर, नैसर्गिक म्हणजे?" ते म्हणाले, "ज्यात कोणाचं नाव घ्या लागत नाई ते." मुलानं ते उत्तर जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.

नव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत माझी पत्नी वारली. भेटायला येणारी माणसं चांगली होती. कोणी म्हणालं देवाला आवडली, कोणी म्हणालं ऋणानुबंध तेवढाच, कोणी पत्रिकेतला योग सांगितला. मी सगळ्यांना मान हलवून होकार देत होतो. सर संध्याकाळी आले, चटईवर बसले आणि म्हणाले, "काय झालं होतं? सुरुवातीपासून सांगा."

मी सांगितलं. दम लागणं कधी सुरू झालं, चंद्रपूरच्या डॉक्टरांनी काय म्हटलं, नागपूरला नेल्यावर काय निघालं, झडप कोणती, रक्त कुठे साचलं. त्यांनी मध्येच एकदा माझा हात ओढून घेतला आणि विचारलं, "हृदय असं धरा. झडप इथी?" मी म्हटलं, नाही, थोडी वर. त्यांनी बोट वर नेलं. मला रडू येत नव्हतं इतके दिवस, ते तेव्हा आलं. ते हात न सोडता बसून राहिले. त्यांनी समजावलं नाही. निघताना एवढंच म्हणाले, "कारण समजल्यानं दुःख कमी होत नाई. पण ते आपल्या माणसाचं राहते. नाई तं ते देवाचं होते, गावाचं होते."

तोपर्यंत बोरहेटीत पार फुटल्याच्या दिवशी दरवर्षी मायची पूजा होऊ लागली होती. गाव मिळून करायचं. पाटीलभाऊ आता नव्हते. जुना राग थोडा विटला होता आणि सोसायटीला तलाव परत मिळाला होता. मारोती आंध्रातून कायमचा परतला होता. मायच्या दगडाची झाडलोट पारबताबाई करायची. तिच्या अंगात येतं असं लोक सांगत. ती काही बोलली की ऐकत.

सर निवृत्त झाल्यानंतरच्या पावसाळ्यात ते मला म्हणाले, "यंदा सोसायटी पुन्हा ताटी बांधून राह्यली म्हणतात. चालता काय?"

आम्ही गेलो तेव्हा पूजा आटोपत आली होती. सलंगीजवळ विणलेली बांबूची नवी ताटी आडवी ठेवलेली होती, दोर शेजारी गुंडाळून. मारोती आणि आणखी काही जण पूजा संपायची वाट बघत उभे होते. सर गर्दीच्या मागे, एका झाडाला टेकले. त्यांच्या छातीचा भाता वरखाली होताना दिसत होता. कोणी त्यांना 'या' म्हटलं नाही, 'जा' म्हटलं नाही. ते एकदा पुढे निघाले, बहुधा मारोतीकडेच. तेवढ्यात पारबताबाई घुमू लागली.

ती केस सोडून दगडापुढे डोलत होती. नंतर थांबली आणि सलंगीकडे वळली.

"ताटी नाई बांधाची," ती म्हणाली. "मायले चालत नाई. माया वाटेत उभे राहू नोका म्हणते माय."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मारोती म्हणाला, "पण माय, मासा जाईन ना समदा."

"जाते तं जाऊ दे! मासा जाते तं जाऊ दे. मालक दिला मी, आता लेक नाई देत!"

ते माय बोलली की पारबताबाई, कोणीही विचारलं नाही. एक म्हातारा पुढे झाला, त्यानं हात जोडले. मग सगळ्यांनी जोडले. मारोतीनं ताटी उचलली आणि दोघा-तिघांनी ती पारेखाली नेऊन टाकली. पारबताबाई दगडाला टेकून बसली. श्वास घेता घेता तिनं एकदा झाडाकडे पाहिलं. सर तिथेच होते. तिनं नजर फिरवली, पण लगेच नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. मला वाटत होतं की ज्या गोष्टीशी हा माणूस जन्मभर भांडला तीच आज जिंकली, आता ते काय म्हणतील.

"वयनीनं बरं केलं," ते म्हणाले.

"तुम्ही जे सांगितलं होतं तेच."

"मी सांगतलं तं कोणी नाई आयकलं. तिनं सांगतलं तं आयकलं. झालं ना." मग बाहेर बघत, "पोत्याचं राहून गेलं."

"पुन्हा एकदा सांगून बघा ना."

"दोनदा सांगाले पायजे, खरं हाय," ते म्हणाले. "पण आता मले कोण आयकते? आन् पोत्याइची माय कोण होईन?"

सावलीच्या स्टँडवर ते उतरले. दाराशी गर्दी होती. शेवटच्या पायरीवरून त्यांनी आधी एक पाय खाली टाकून जमीन चाचपली, पाण्यात उतरणारा माणूस ठाव घेतो तशी, आणि मग दुसरा पाय ठेवला. मी खिडकीतून हात केला. त्यांनी पाहिलं नाही. त्या हिवाळ्यात ते गेले. मयतीला मारोती आला होता. पारबताबाई आली नाही, पण तिनं त्याच्या हाती तलावातलं पाणी पाठवलं होतं, तोंडात घालायला.

मी अजून कधी कधी बोरहेटीला जातो. सलंगीवर ताटी नसते. का नाही असं विचारलं तर पोरं सांगतात, मायला चालत नाही. पाऊस लांबला की पोती असतात.